रस्ता, सोंग आणि पाहणारा

डेरेक वॉलकॉटच्या १९९२ सालच्या नोबेल व्याख्यानाची सुरुवात एका रामलीलेने होते. त्रिनिदाद बेटावर कारोनीच्या उसाच्या मैदानालगत फेलिसिटी नावाचे खेडे आहे. तिथल्या मोकळ्या पटांगणात धनुष्यबाण घेतलेली मुले, रंगीत कपडे, झेंडे आणि शेवटी जाळायचा बांबूचा भव्य पुतळा वॉलकॉट पाहतो आणि तिथून कॅरिबियन संस्कृतीविषयीचे आपले सगळे प्रतिपादन उभे करतो. आपल्याकडे या व्याख्यानाचा विषय निघतो तेव्हा बोलणे बहुधा एवढ्यावरच थांबते. सातासमुद्रापलीकडे रामकथा टिकली आणि तिला नोबेलच्या व्यासपीठावर मान मिळाला, म्हणून आपण सुखावतो. माझ्या मते हे वाचन त्या परिच्छेदांच्या नेमके उलट जाते. ते का, हे समजून घ्यायचे तर त्रिनिदादचे बाकीचे उत्सव आणि त्यांवर लिहिणारे बाकीचे लेखकही सोबत घ्यावे लागतात.

वॉलकॉट फेलिसिटीला रामलीलेसाठी म्हणून गेलेला नव्हता. अमेरिकेतून आलेल्या मित्रांना कारोनीच्या दलदलीतले लालभडक आयबिस पक्षी दाखवायला तो निघाला होता. त्याने नुकतेच इंग्लंडच्या रंगभूमीसाठी ‘ओडिसी’चे नाट्यरूप केले होते. तिथल्या प्रेक्षकाला होमर ठाऊक असणार हे त्याने गृहीत धरले होते. इथे, स्वतःच्या शेजारी चाललेल्या महाकाव्याबद्दल मात्र त्याला फारशी माहिती नव्हती. राम, शिव, विष्णू यांच्याविषयी भारतीय सोडले तर बेटावर कोणालाच काही ठाऊक नाही, असे तो म्हणून जातो. ‘भारतीय सोडले तर’ असे म्हणण्याची त्रिनिदादमधली सवय आपल्याही वाक्यात उतरली, हेही तो तिथेच नोंदवतो. पुढची नोंद अधिक महत्त्वाची आहे. समोरच्या मुलांना तो आधी नट समजला. त्यांच्या चेहऱ्यांत त्याने हरवलेला भारत, नक्कल, ऱ्हास शोधला. मग त्याच्या लक्षात आले की हरवल्याची भाषा ही त्याची, लेखकाची आहे. त्या मुलांचे काहीच हरवलेले नव्हते. समोर होते ते जिवंत होते आणि ज्या जमिनीवर चालले होते तिथलेच होते.

म्हणजे वॉलकॉट इथे पाहणाऱ्याच्या दोषाबद्दल बोलतो आहे. त्रिनिदादच्या मैदानात भारताचा अवशेष शोधणाऱ्या नजरेला तो चुकीची ठरवतो. आपण मात्र त्याच नजरेने त्याचे व्याख्यान वाचतो. त्याचा पाहणारा खंत करतो आणि आपण अभिमान बाळगतो. पण फेलिसिटीचे मैदान फेलिसिटीचे आहे, हे दोन्ही भावनांतून निसटते.

या मैदानामागे एक इतिहास आहे. ‘फतेल रझाक’ हे जहाज ३० मे १८४५ रोजी गिरमिटाचे पहिले मजूर घेऊन त्रिनिदादला लागले. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसे तिथे गेली. बहुतेक भोजपुरी आणि अवधी मुलखातली, काही मद्रास बंदरातून चढलेली. गुलामगिरी १८३४ साली कायद्याने संपली, १८३८ मध्ये तिचा उरलेला ‘उमेदवारी’चा अवतारही संपला, आणि मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते. बेटावर आधीच स्पॅनिश सत्ता, फ्रेंच मळेवाले आणि १७९७ पासून इंग्रज सत्ता असे थर होते. उत्सवांचे थरही तसेच साचत गेले.

आज ज्याच्यासाठी हे बेट जगभर ओळखले जाते तो कार्निव्हल मूळचा फ्रेंच मळेवाल्यांचा. लेंटच्या उपासांआधी घराघरांतले मुखवट्यांचे नाच हे त्याचे आरंभीचे रूप. मुक्तीनंतर आफ्रिकी वंशाचे लोक तो घेऊन रस्त्यावर आले आणि त्याला ‘कानबुले’ जोडले. उसाला आग लागली की गुलामांना मशाली देऊन रात्री-अपरात्री हाकले जाई, त्याची ही आठवण. या शब्दात फ्रेंच भाषेतला जळता ऊस आहे. ज्या मशालींच्या उजेडात राबवले गेले, त्याच मशाली आता मिरवणुकीत नाचू लागल्या. १८८१ साली पोर्ट ऑफ स्पेनमध्ये पोलीसप्रमुख कॅप्टन बेकरच्या शिपायांनी त्या विझवण्याचा प्रयत्न केला आणि रस्त्यावर लढाई झाली. पुढे ढोलांवर बंधने आली. लोकांनी बांबू आपटून ताल धरला, त्यानंतर बिस्किटांचे डबे आणि १९३०-४० च्या दशकांत तेलाची पिंपे ठोकून, सुरात लावून स्टीलपॅन तयार झाले. तेलाच्या बेटावर तेलाच्या रिकाम्या पिंपाचे वाद्य व्हावे यात नवल नाही. पण ते झाले ते बंदीला दिलेल्या उत्तरांच्या मालिकेतून.

दुसरा उत्सव ‘होसे’. हुसेनच्या नावाचा पुकार त्या बेटावर या रूपात स्थिरावला. तो मोहरमचा. पोर्ट ऑफ स्पेनचा सेंट जेम्स भाग आणि नैर्ऋत्य टोकाचे सेड्रोस इथे तो अजून मोठ्या प्रमाणावर होतो. कागद, बांबू, लाकूड यांचे उंच ‘ताजा’ बांधतात, चंद्रकोरीच्या आकाराचे जड ‘चंद्र’ खांद्यावर घेऊन नाचवतात, आणि शेवटी ताजा समुद्रात विसर्जित करतात. ताबूत आणि डोले ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल. सोबत वाजणाऱ्या वाद्याचे नाव ‘तासा’, म्हणजे आपला ताशाच. तोच ताशा तिथे हिंदू लग्नातही वाजतो आणि कार्निव्हलमध्येही.

१८८४ साली वसाहत सरकारने होसेच्या मिरवणुकांना शहरांत आणि मुख्य रस्त्यांवर येण्यास मनाई केली. ३० ऑक्टोबरला मळ्यांमधले मजूर ताजा घेऊन सॅन फर्नांडोच्या वेशीवर आले. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. माणसे मेली, शंभराच्या आसपास जखमी झाली. मळ्यांवरचे बहुसंख्य मजूर हिंदू होते आणि ताजा वाहण्यात तेही होते. हुसेनचा शोक हा त्या मजुरांचा वर्षातला सामायिक दिवस होता, आणि मळेवाल्यांना धास्ती होती ती त्या सामायिकपणाची.

इथे तुलना टाळणे अप्रामाणिक होईल. त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी, १८९३ च्या मुंबईच्या दंगलीनंतर, पुण्यात हिंदूंनी मोहरमच्या मिरवणुकांतून अंग काढून घ्यावे असा प्रचार झाला. १८९४ पासून गणेशोत्सवाला मेळ्यांचे आणि सार्वजनिक मिरवणुकीचे रूप आले. मिरवणुकीतून सरकारशी झगडणे दोन्हीकडे होते; समाजाची जुळणी मात्र उलट दिशेने झाली. एकीकडे हिंदू ताबुताखाली उभे राहून गोळ्या झेलतात, दुसरीकडे ताबूत सोडून वेगळ्या मिरवणुकीत जातात. उत्सव माणसांना आपोआप एकत्र आणतो, असे भाबडे वाक्य लिहिण्याआधी या दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. रस्ता कोणाचा, हा प्रश्न प्रत्येक उत्सवात असतो. त्याचे उत्तर त्या-त्या वेळची माणसे देतात.

साहित्याकडे परत येताना व्ही. एस. नायपॉलला टाळता येत नाही. त्याचा जन्म १९३२ मध्ये चाग्वानासला झाला. फेलिसिटी तिथून जवळच. ‘रीडिंग अँड रायटिंग’ या आत्मपर लेखनात तो लहानपणी पाहिलेल्या रामलीलेबद्दल सांगतो. उसाच्या मळ्यांतले मैदान, कोणीही समजावून न देता आधीच ठाऊक असलेली कथा आणि माणसांच्या स्मरणातून भारताहून आलेले सगळे तपशील. वॉलकॉटने बाहेरून पाहिलेल्या गोष्टीचा हा आतला साक्षीदार. पण त्याच्या लेखनात ती रामलीला बालपणाच्या मागच्या दारातून दिसते. तो तिथून निघालेला आहे. १९६२ च्या ‘द मिडल पॅसेज’मध्ये तर त्याने असा निवाडा दिला की इतिहास कर्तृत्व आणि निर्मितीभोवती उभा राहतो आणि वेस्ट इंडिजमध्ये निर्मिती म्हणावी असे काही झालेच नाही. ज्या बेटावर पिंपांतून नवे वाद्य घडत होते त्याच्याबद्दलचा हा निवाडा. १९७४ च्या एका निबंधात वॉलकॉटने याच वादाला उत्तर दिले. ‘काहीच नाही’ या अवस्थेतूनच कॅलिप्सो, स्टीलपॅन आणि कार्निव्हलचे वेष निपजले. नक्कल म्हणून ज्याला हिणवले ती कल्पनाशक्तीचीच कृती आहे, असा त्याचा रोख होता.

मला वॉलकॉटची बाजू पटते, तरी दोघांची जागा एकच आहे हेही दिसते. दोघेही कडेला उभे राहून पाहतात. फेलिसिटीच्या परिच्छेदांत वॉलकॉट स्वतःला दुरुस्त करतो, पण त्या मैदानातला एकही माणूस त्याच्याशी बोलत नाही. दुरुस्ती पाहणाऱ्याच्या मनातच होते. उत्सव करणाऱ्याला त्या करण्यातून काय मिळते, आणि काय मिळत नाही, हे कळण्यासाठी कादंबरीकडे जावे लागते.

ती कादंबरी म्हणजे अर्ल लव्हलेसची ‘द ड्रॅगन कान्ट डान्स’. ती १९७९ साली आली. पोर्ट ऑफ स्पेनच्या कॅल्व्हरी हिल नावाच्या टेकडीवरच्या वस्तीत आल्ड्रिक प्रॉस्पेक्ट राहतो. नोकरीधंदा म्हणावा असे काही तो करत नाही. दरवर्षी कार्निव्हलसाठी ड्रॅगनचा नवा वेष शिवतो, इतकेच. एकेक खवला शिवताना तो आपल्या पूर्वजांचा इतिहास जणू कापडावर उतरवतो. दोन दिवस तो ड्रॅगन होतो, शहर त्याला पाहते, घाबरते, आणि बुधवारी तो पुन्हा कोणीच नसतो. शेजारी फिशआय आहे, स्टीलबँडच्या टोळ्यांच्या मारामाऱ्यांतला योद्धा. कंपन्यांचे प्रायोजकत्व आले, बँड सुधारले, गणवेश आले आणि त्याची गरज संपली. क्लिओथिल्डा ही वस्तीतली दुकानदारीण दरवर्षी राणी होते. कार्निव्हलच्या दिवसांत ती सगळ्यांना आपले म्हणते आणि नंतर वर्षभर उधारी मोजते. आणि पारियाग आहे, खेड्यातून बायको डॉलीला घेऊन टेकडीवर राहायला आलेला भारतीय वंशाचा तरुण, चणे आणि बारा विकणारा. दोन वर्षे झाली तरी टेकडीला तो दिसतच नाही.

पारियागची सायकल हा या कादंबरीचा मर्मबिंदू आहे असे मला वाटते. आपण दिसावे म्हणून तो सायकल घेतो. लोकांना तो दिसतो, पण वर चढू पाहणारा परका म्हणून, आणि कोणीतरी ती सायकल मोडून टाकतो. मोडलेली सायकल घेऊन तो वस्तीतून जातो तेव्हा लोक पहिल्यांदा त्याच्याकडे माणूस म्हणून पाहतात. कार्निव्हलमध्ये सगळे एक असतात, या घोषणेची यापेक्षा नेमकी तपासणी मी दुसरीकडे वाचलेली नाही. वॉलकॉटच्या वाक्यातला ‘भारतीय सोडले तर’ हा अपवाद लव्हलेस एका माणसाच्या रूपात उभा करतो, आणि तेही आफ्रिकी वंशाच्या वस्तीच्या आतून लिहिताना.

पुढे फिशआय, आल्ड्रिक आणि त्यांचे सोबती पोलिसांची जीप ताब्यात घेतात, दोन दिवस शहरात फिरवतात, ध्वनिक्षेपकावरून भाषणे करतात. सरकार त्यांना पकडण्याची घाईही करत नाही. तुरुंगात आल्ड्रिकला कळते की तेही एक सोंगच होते. दिसण्याची भूक भागली. मागायचे काय, हे कोणालाच ठाऊक नव्हते. १९७० च्या त्रिनिदादमधल्या कृष्णवर्णीय उठावाची सावली या प्रसंगावर आहे. सुटून आल्यावर आल्ड्रिक ड्रॅगन होत नाही. कादंबरी कार्निव्हलची थोरवी गाते आणि त्याच दमात त्याची मर्यादाही दाखवते. उत्सवाच्या बाजूने किंवा विरुद्ध असा कौल ती देत नाही.

अनुवादकाला इथे एक क्रियापद अडवते. त्रिनिदादमध्ये कार्निव्हलचा वेष आणि त्याची सगळी कृती यांना मिळून ‘मास’ म्हणतात, आणि मास ‘खेळतात’. देवनागरीत ‘मास’ लिहिले की मराठी वाचकाला महिना आठवतो. ती अडचण संदर्भाने सुटेल. खेळण्याची अडचण नाहीच, कारण आपण होळी खेळतो, फुगडी खेळतो, कोकणात नमन-खेळे असतात. अवघड आहे ते ‘सोंग’. दशावतारात आणि बोहाड्यात सोंग हा आदराचा शब्द आहे. बोहाड्यातली सोंगे ठरावीक घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या असतात आणि ती नाचवणाऱ्याच्या अंगात देव असतो. रोजच्या बोलण्यात मात्र सोंग करणे म्हणजे ढोंग करणे. आल्ड्रिकसाठी ड्रॅगन हे ढोंग नाही, वर्षातले सर्वांत खरे दोन दिवस आहेत. जीपचा प्रसंग मात्र त्याला नंतर पोकळ सोंग वाटतो. इंग्रजीत जे एका शब्दावर तोलले जाते ते मराठीत ‘सोंग’ या शब्दाच्या दोन अर्थांमध्ये आयते फुटलेले आहे. अनुवादकाने दोन वेगळे शब्द वापरून सोय करून घेऊ नये. दोन्हीकडे ‘सोंग’च ठेवावे आणि वाचकाला त्यातली ओढाताण सोसू द्यावी. वॉलकॉटला फेलिसिटीत नेमका हाच शब्द हवा होता. ती मुले ‘नट’ नव्हती, हे सांगायला त्याला बरीच वाक्ये खर्चावी लागली. बोहाडा पाहिलेल्या माणसाला ते एका शब्दात कळले असते.

लव्हलेसचीही एक मर्यादा आहे. त्याच्या टेकडीवरची सिल्व्हिया तेजस्वी आहे, पण ती बरीचशी पुरुषांच्या नजरेतून आणि त्यांच्या निवडीच्या कसोटीवर घडते. डॉली तर पारियागच्या शेजारी जवळपास गप्पच असते. प्रत्यक्ष रस्त्यावर चित्र बदलले आहे. आजच्या कार्निव्हलमध्ये वेष घालून नाचणाऱ्यांत बायकाच बहुसंख्य दिसतात. त्यांच्या मणी-पिसांच्या तोकड्या वेषांवर टीका होते की जुना ड्रॅगन, मोको जम्बी, मिडनाइट रॉबर ही अर्थपूर्ण सोंगे गेली आणि बाजार उरला. पीटर मिन्शलचे काम या टीकेच्या बाजूने पुढे केले जाते. त्याच्या १९८३ च्या ‘रिव्हर’मध्ये पांढऱ्या वेषांतली माणसांची नदी रस्त्यावर उतरली, लोभी ‘मॅनक्रॅब’ने धोबिणीचा जीव घेतला आणि दुसऱ्या दिवशी ते पांढरे वेष रंगांनी बरबटले. ती मोठी कलाकृती होती यात शंका नाही. पण ऱ्हासाची तक्रार करताना सावध राहावे. एकोणिसाव्या शतकातली वसाहतीची वर्तमानपत्रेही रस्त्यावरच्या बायकांना पाहून अशाच सुरात सुसंस्कृतपणाच्या अंताबद्दल लिहीत होती.

तेजस्विनी निरंजना यांचे २००६ चे ‘मोबिलायझिंग इंडिया’ हे पुस्तक या ठिकाणी फार उपयोगी पडते. त्यांनी त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या स्त्रिया आणि ‘चटणी’ संगीत यांचा अभ्यास केला. लग्नाआधी मटकोरच्या रात्री बायकांत गायली जाणारी मोकळी गाणी पुढे मंचावर आली, सोकाशी मिसळली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस द्रुपती रामगूनाई हे संगीत गाऊ लागली तेव्हा समाजातल्या प्रतिष्ठितांनी भारतीय स्त्रीत्वाच्या नावाने ओरड केली. निरंजना यांचा प्रश्न असा आहे की ‘भारतीय स्त्री’ची जी प्रतिमा भारतातल्या राष्ट्रवादाने घडवली, तिच्या घडणीत गिरमिटावर गेलेली, ‘बिघडलेली’ समजली गेलेली बाई किती होती? गिरमिट बंद करण्याच्या चळवळीत या बाईच्या अब्रूचा मुद्दा अग्रभागी होता. त्रिनिदादकडून भारताकडे पाहिले की आपल्याला स्वतःबद्दल काही नवे कळते; लंडनकडून पाहिले तर ते कळत नाही. बहुभाषिक भारतीय वाचकाने कॅरिबियन साहित्य का वाचावे, याला मला यापेक्षा चांगले कारण सापडलेले नाही.

आता फेलिसिटीकडे पुन्हा पाहता येईल. वॉलकॉटने त्या व्याख्यानात फुटलेल्या फुलदाणीचे रूपक वापरले आहे: तुकडे जोडणारे प्रेम हे अखंड फुलदाणीला गृहीत धरणाऱ्या प्रेमाहून बळकट असते. आपण हे रूपक वाचतो तेव्हा मनात अखंड फुलदाणी म्हणून भारत असतो आणि त्रिनिदाद तुकडा. पण होसेच्या मिरवणुकीखाली उभ्या असलेल्या हिंदू मजुराकडे पाहिले, चटणी गाणाऱ्या बाईकडे पाहिले, तर विचारावे लागते की अखंड नेमके काय होते? जे एकत्र राहणे आपल्याकडे त्याच दशकांत फुटत गेले, त्यातले काही तिथे जोडलेले आढळते. मूळ आणि अवशेष ही विभागणी त्या पुराव्यापुढे टिकत नाही.

म्हणून रामलीलेचे ते परिच्छेद सुटे काढून छापण्याला माझा विरोध आहे. संकलनांत, पाठ्यपुस्तकांत, अनुवादांत ते घ्यायचेच असतील तर सोबत पारियागची सायकल घ्यावी. कादंबरीच्या अखेरीकडे पारियागला, आता तो छोटा दुकानदार आहे, एक विचार येतो: आपण टेकडीवर नुसते दिसण्याची वाट पाहत बसायला नको होते, आपले वाद्य, बासरी किंवा सतार, घेऊन सरळ स्टीलबँडच्या अंगणात शिरायला हवे होते. तो तसे करत नाही. उशीर झालेला असतो आणि लव्हलेस त्याला ती सुटका देत नाही. वॉलकॉटच्या परिच्छेदांतली मुले हा विचार बोलून दाखवू शकत नाहीत, कारण त्यांना तिथे बोलायला जागाच नाही. दोन्ही पाने शेजारी आली की भारतीय वाचकाला अभिमानाऐवजी एक प्रश्न मिळेल: आपल्या गल्लीतल्या मिरवणुकीत कोण ‘सोडले तर’ आहे?